किती फुटाला पाणी येतं?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : सांगलीत बिऱ्हाड करताना

प्रश्न : माझी लातूरहून सांगलीला बदली झाली आहे. ऑफिस विजयनगरला. सोबत पत्नी, सहावीतला मुलगा, बालवाडीतली मुलगी आणि गुडघ्यांनी अधू झालेली आई. भाड्याला दहा हजारांपलीकडे जाणं जमणार नाही. चौकशी केली तर तेवढ्याच भाड्यात नदीकडच्या भागात तीन खोल्या मिळतात आणि विश्रामबागला जेमतेम दोन. एवढा फरक कशामुळे? आम्ही कुठं बघावं? — एक वाचक, लातूर

उत्तर : फरक पाण्याचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते मिरजेतूनच. इथं मात्र पाणी जास्त झालं की बिऱ्हाड हलवावं लागतं. त्यामुळे सांगलीत घर बघायला गेलात की भाडं नंतर विचारा, आधी विचारा, "इथं किती फुटाला पाणी येतं?" या प्रश्नाचं इथं कुणाला नवल वाटत नाही.

हे फूट म्हणजे आयर्विन पुलाजवळ मोजली जाणारी कृष्णेची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ ओलांडून गेलं. नदीकाठच्या प्रत्येक गल्लीचा स्वतःचा आकडा असतो आणि तिथल्या माणसांना तो पाठ असतो. चाळीसच्या आत पाणी येणाऱ्या घरात प्रत्येक जोराच्या पावसाळ्यात सामान बांधून बसावं लागतं. बावन्नला येणाऱ्या घरात ती वेळ वर सांगितलेल्या तीन वर्षांसारख्या वर्षीच येते. कागदावर दोन्ही घरं "पूरपट्ट्यात", पण राहायला जमीन-अस्मानाचा फरक.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड, मगरमच्छ कॉलनी ही नावं पाणी चढू लागलं की बातम्यांत सगळ्यात आधी येतात. (मगरमच्छ कॉलनी हे नाव आम्ही ठेवलेलं नाही.) २०१९ ला गावभाग, खणभाग, मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड हा जुन्या सांगलीचा भागही पाण्यात होता. विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी आणि कुपवाड हा उंचावरचा पट्टा. तुमचं ऑफिस याच पट्ट्यात आहे, ही तुमची जमेची बाजू.

घरमालक आकडा सांगेल, पण तो तपासून घ्या. नवा रंग दिलेल्या भिंतीला विचारून उपयोग नाही. जिन्याच्या खालची बाजू, न्हाणीघराची मागची भिंत आणि कंपाउंडची आतली बाजू बघा. पुराचं पाणी उतरल्यावर भिंतीला लोणा धरतो. ठरावीक उंचीपर्यंत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. दाराच्या चौकटीचा खालचा फूट-दीड फूट वेगळ्या लाकडाचा असेल किंवा हॉलच्या भिंतींना उगाचच चार फुटांपर्यंत फरशी चढवलेली असेल, तर कारण विचारा. विजेचा मीटर डोक्याच्याही वर बसवलाय? मग तो कुणीतरी अनुभवानं वर घेतलाय. एवढ्यानं समाधान नाही झालं तर गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जा आणि मोटर आजवर किती वेळा उचलून वर ठेवली ते विचारा. एजंटापेक्षा हे उत्तर भरवशाचं, कारण गिरणीवाल्याला तुमच्याकडून दलाली मिळायची नसते.

नवख्या माणसाची आणखी एक चूक होते. घर नदीपासून लांब आहे म्हणजे सुरक्षित, असं तो धरून चालतो. पाणी काठ ओलांडून येण्याआधी नाल्यांतून उलटं येतं. नदी चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीचं पाणी त्याच वाटेनं वस्तीत शिरतं. पुढं हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. ती भरून आली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, सांगलीतच तुंबतं. म्हणून घरापासून नदी किती लांब हे विचारू नका, नाला कुठं आहे ते विचारा.

पुराशी संबंध नसलेलं पाणी वेगळंच. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात काही गल्ल्यांमध्ये नुसत्या पावसाचं पाणी दिवसेंदिवस साचून राहतं. मोकळ्या प्लॉटात डबकी, मग डास आणि अधूनमधून साप. तिथं भाडं स्वस्त दिसतं ते यामुळेच. असं घर उन्हाळ्यात बघून पसंत करू नका. बघावंच लागलं तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटात पाणवनस्पती किंवा वाळलेलं शेवाळ आहे का, एवढं तरी बघा.

"मग वरच्या मजल्यावर घेऊ का?" असं तुमच्या मनात येईल. सामान वाचतं, हे खरं. पण पाणी चढलं की महावितरण त्या भागाची वीज बंद करते, ड्रेनेजचे चेंबर उलटे भरतात आणि संडास वापरता येत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिन्यावरून उतरवून बोटीत बसवणं हे काम कुणावरही येऊ नये. लिफ्ट विजेशिवाय चालत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता पैशांचं. समजा, उंचावरचं घर दोन हजारांनी महाग आहे आणि स्वस्त घरातून ऑफिस, शाळा धरून रोज चौदा किलोमीटर जादा पडतात. महिन्याचे २६ दिवस म्हणजे ३६४ किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर आठ लिटरच्या वर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर साडेआठशे रुपये इथंच गेले. पत्नीला बाजाराला किंवा आईंना दवाखान्यात नेताना महिन्यातून आठ-दहा वेळा रिक्षा लागली की उरलेला फरकही संपतो. म्हणून घर वडापच्या (शेअर रिक्षा-जीपच्या) आणि सांगली-मिरज बसच्या रस्त्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेलं बरं. मिरजेच्या दवाखान्यांत जायला तोच रस्ता आहे.

आमचा कौल : विश्रामबाग, विजयनगर किंवा वानलेसवाडीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिसरी खोली सोडा. फक्त एक ध्यानात असू द्या. महापूर आला तर उंचावरच्या घरात पाणी शिरत नाही, पण नळालाही येत नाही. महापालिका कृष्णेचंच पाणी उपसते आणि पंपिंग बंद पडलं की कोरड्या भागाचंही पाणी बंद. पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरा. पाच माणसांना चार दिवसांचे शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार. पातळी ४० ओलांडायच्या आत ते भरून ठेवा. एकट्या आयर्विनचा आकडा बघून भागत नाही. कऱ्हाडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी असे आकडे पाटबंधारे खात्याकडून येत असतात. वर पाणी चढतंय की उतरतंय यावरून उद्याची सांगली कळते.

प्रश्न : घरमालक म्हणतात, अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नसते, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करू. डिपॉझिट चाळीस हजार, तेही रोख मागतात. चालेल का? — एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नाही चालणार. अकरा महिन्यांची ही समजूत महाराष्ट्रात सपशेल चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ती अट खरी धरली जाते. मालकाला हे शांतपणे वाचून दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम मिळवायची. भाडं नऊ हजार असेल तर अकरा महिन्यांचे ९९,०००; चाळीस हजारांवर तेवढ्या काळाचे साधारण ३,६६७; दोन्हींच्या बेरजेचा पाव टक्का म्हणजे अडीचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. शिवाय घरी येऊन अंगठे-फोटो घेणाऱ्याची मजुरी. हा खर्च निम्मा-निम्मा करायचा प्रघात आहे.

डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. करारात दोन ओळी हट्टानं घाला : घर सोडल्यापासून किती दिवसांत डिपॉझिट परत, आणि पुरात फिटिंगचं किंवा रंगाचं नुकसान झालं तर ते कुणाच्या माथी. दुसरी ओळ छापील नमुन्यात नसते, आणि सांगलीत भांडणं तिच्यावरूनच होतात. राहायला जाण्याआधी विजेचं शेवटचं बिल मागून घ्या. त्यावर थकबाकी असते, मागच्या महिन्यांचे युनिट असतात आणि जोडणी घरगुती आहे की व्यापारी तेही असतं. व्यापारी निघाली तर दर महिन्याला भुर्दंड तुम्हालाच.

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत कामाला लागले आहे. दुसरी पाळी सुटायला रात्रीचे साडेअकरा होतात. घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. घर कुठल्या भागात सुरक्षित? — एक भगिनी, जत

उत्तर : ताई, भागाच्या नावावर जाऊ नका. एकाच कॉलनीतली पुढची गल्ली चांगली आणि मागची ओसाड असते. ज्या वेळी तुम्ही घरी परतणार, त्याच वेळी यजमानांना सोबत घेऊन गाडी थांबते तिथपासून दारापर्यंत चालून बघा, तेही दोनदा : एकदा कामाच्या दिवशी आणि एकदा एमआयडीसीच्या साप्ताहिक सुट्टीच्या रात्री. सुट्टीच्या रात्री रस्ते रिकामे असतात आणि खरं चित्र तेव्हा दिसतं. दिव्यांचे खांब मोजू नका, पेटलेले दिवे मोजा. वाटेत लांबलचक कारखान्याची भिंत किंवा मोकळं रान येत असेल, तर दोन हजार वाचत असले तरी ते घर सोडा. त्या वेळी उघडं असणारं मेडिकल, दूध डेअरी किंवा दवाखाना वाटेत असेल तर ते घर पहिल्या नंबरावर.

मोकाट कुत्र्यांचं लोक हसण्यावारी नेतात, पण रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला पोलिसांपेक्षा आधी त्यांच्याशी गाठ पडते. जिथं कोंबडी-मटणाची दुकानं आणि कचराकुंडी एकत्र आहेत, तिथं टोळी असतेच.

कंपनीची गाडी असेल तर ती घराच्या दारापर्यंत येते की चौकात सोडते, हे घर ठरवण्याआधी विचारून घ्या. कुपवाडात बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असतो. तो शेवटचा कधी उपसला आणि उपसायचा खर्च कुणाचा, हेही बोलून ठेवा. मुलगी लहान आहे, टाकीचं झाकण जागेवर आहे ना ते बघा.

प्रश्न : भाडं भरण्यापेक्षा एक गुंठा घेऊन दोन खोल्या बांधाव्यात असं वाटतं. आजूबाजूच्या दरापेक्षा निम्म्या भावात गुंठा मिळतोय, साठेखत (पुढं विकण्याचा करार) नोटरी करून देतो म्हणतात. — एक वाचक, तासगाव

उत्तर : निम्मा भाव असेल तर निम्मा हक्कच मिळतोय असं समजा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट जमीन, नोटरीचा कागद नव्हे. नोटरी केलेल्या साठेखतानं मालकी येत नाही आणि बँक त्यावर कर्जही देत नाही.

चालू तारखेचा सातबारा काढा. विकणाऱ्याचं नाव एकट्याचं आहे की भावा-बहिणींसह? "इतर हक्क" रकान्यात बोजा, कूळ काही आहे का? बिनशेती आदेश किंवा गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे) नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पुढं २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ मिळाला. "अर्ज केलाय" हे प्रमाणपत्र नव्हे. नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्या, म्हणजे आरक्षण कळेल. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्टही घ्या.

त्यानंतर निळी आणि लाल रेषा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला परवानगी नाही, दोन्हींच्या मधे अटींसह. गुंठा निळीच्या आत असेल तर पुढचा विचारच नको.

कागद स्वच्छ निघाले तरी एक खड्डा खणून बघा. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घराला उचलते आणि सोडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी चीर दिसली की ओळखावं, पाया काळ्या मातीतच थांबलाय. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम सहा-आठ फुटांवर असेल तर जमिनीत वाचवलेले पैसे जमिनीतच जातात. शेजारी कुठं बोअर किंवा बांधकाम झालं असेल तर मुरूम कितीवर लागला ते विचारा, फुकटात कळेल.

प्रश्न : दिवाळीनंतर सांगलीला येतोय. मुलगी चौथीत आहे. जुनी शाळा दाखला द्यायला टाळाटाळ करते, आणि दाखल्याशिवाय नवी शाळा घेईल का? — एक वाचक, पंढरपूर

उत्तर : सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेला घ्यावंच लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंत दाखला उशिरा आला म्हणून अशा शाळांना प्रवेश अडवता येत नाही, आणि दाखला लगेच देणं हे जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं काम आहे. जुन्या शाळेकडून मुलीचा यू-डायस पोर्टलवरचा (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) क्रमांक तेवढा लिहून आणा आणि त्यांनी पोर्टलवर तिचं नाव मोकळं केलं का ते विचारा. कागदी दाखला हातात असूनही पोर्टलवर नाव जुन्याच शाळेत अडकलेलं, असं सर्रास होतं. मुलीला धाकटं भावंड असेल आणि पुढं त्याच्यासाठी शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून अर्ज करायचा विचार असेल तर भाडेकरार नोंदणीकृत लागेल, आणि घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळेत आधी नंबर लागतो. घर बघताना तेवढं अंतर मोजून घ्या.