नानांची पेन्शन आणि तुझ्या शाळेतल्या आज्या

प्रिय सई,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तुमच्या लोकांची सेवा ही महाराष्ट्र मंडळ, मराठी शाळा आणि देऊळ एवढ्यातच का संपते?" वेस्ट बाल्टिमोरच्या तुझ्या शाळेत सत्तरीच्या कृष्णवर्णीय आज्या मुलांना जवळ बसवून वाचायला शिकवतात, हेही तेव्हाच सांगितलंस. प्रश्न लागला मला. म्हणून लिहितेय. पटलं तर बघ.

माझ्यासाठी सेवा म्हणजे नाना. पोस्टातून निवृत्त झाले आणि रोज संध्याकाळी मिरजेच्या वाचनालयात बसायला लागले. फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, खाकी कागदाची कव्हरं घालायची. शाळा सुटली की मी तिथेच. एक पैसा घेत नसत, याचा घरात सगळ्यांना केवढा अभिमान! पण त्यांना पेन्शन होती, वाचनालय पाच मिनिटांवर होतं आणि घरी माई गरम पोळी वाढायला थांबलेली असायची. रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीतली मुलं तिथे मला कधी दिसली नाहीत. "आपण कुणाला अडवतो का?" असं नाना म्हणत. त्या उत्तरानं आता माझं समाधान होत नाही. तरी त्यांना कुणी नावं ठेवली तर मी त्यांचीच बाजू घेईन.

तुझ्या बाल्टिमोरात तर उघडउघड अडवलं होतं. काळ्यांनी कुठल्या गल्लीत राहायचं नि गोऱ्यांनी कुठल्या, असा कायदाच शहरानं १९१०मध्ये केला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९१७मध्ये असे कायदे रद्द ठरवले, तर १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या. तिथे घरासाठी कर्ज मिळेना. घर नाही म्हणजे मुलांना मागे ठेवायला काही नाही, आणि म्हातारपणीही कमावणं सुटत नाही.

त्याच शहरात 'एक्स्पिरिअन्स कोअर' नावाचा उपक्रम चालला. साठीपुढची माणसं आठवड्याला १५ तास सरकारी प्राथमिक शाळांत द्यायची, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय. जाण्यायेण्याच्या खर्चापुरतं थोडं मानधन मिळायचं. मंडळात हे सांगितलं तर एकजण म्हणाले, "मग ती सेवा कसली?" मला फार राग आला. नाना फुकट काम करू शकले ते पेन्शनच्या जोरावरच ना? शिवाय या बायका शेजारच्यांची पोरं सांभाळतात, चर्चमध्ये रांधून वाढतात, ते कुठल्या नोंदीत येतं? आमच्या माईचंही कधी आलं नाही.

मंडळाला मात्र कमी लेखू नकोस. तुझ्या जन्मानंतर महिनाभर आपला डबा तिथल्याच बायकांनी दिला. इथे आपलं दुसरं होतंच कोण?

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. रविवारची मराठी शाळा सोडणार नाही. पण मंगळवार मोकळा ठेवता येईल, आणि बाल्टिमोरजवळच्या आपल्या कोलंबिया गावाहून गाडीनं येणं मला जड नाही. माझा काही उपयोग होईल का, ते आधी त्या आज्यांना विचार, शाळेला नंतर. त्या नको म्हणाल्या तर तसं मला सरळ सांग.

तुझी,
आई