सिस्टर, फोन म्हणतो आजोबा बरे आहेत

(वाचकांच्या पत्रांना उत्तरं देताहेत, कोकणातल्या रुग्णालयांच्या वॉर्डांत ३४ वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या आपल्या सिस्टर.)

प्रश्न : सिस्टर, माझे सासरे ७८ वर्षांचे. सारा जन्म होडीवर गेला, आता घरीच असतात. आषाढात खळ्यातल्या शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण दुसऱ्या रात्रीपासून 'होडी सुटली रे, दोर धर' असं ओरडत ते सलाईनची नळी ओढायला लागले. मला ओळखेनात. सकाळी पुन्हा ठीक, चहा मागितला, नातवाची चौकशी केली. माझ्या मुलाने फोनवर मेंदूची कसलीशी चाचणी उतरवून घेतली आणि सकाळी दहा वाजता आजोबांकडून करून घेतली. हिरवी खूण आली, 'नॉर्मल'. रात्री पुन्हा तेच. राउंडच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, वय झालंय, असं होतं. शेजारीण म्हणते अमावस्येला पडले, राखणदाराला नारळ द्या. फोनचं खरं मानू की शेजारणीचं?
— सौ. क., देवगड तालुका

उत्तर : तुम्ही स्वतः जे पाहिलंत ते खरं माना. नारळ द्यायचा असेल तर जरूर द्या, राखणदार रागावणार नाही आणि मीही नाही. पण नारळाआधी लघवीची आणि रक्ताची तपासणी.

तुमच्या पत्रात जे आहे त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. माझी आजी 'वात झाला' म्हणायची. शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडतं आणि त्याचा गोंधळ मेंदूत उमटतो. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात चढतो-उतरतो, संध्याकाळनंतर बहुधा वाढतो. रुग्णालयात दाखल झालेल्या दर चार-पाच वृद्धांमागे एकाला तो होतो. खुब्याच्या ऑपरेशननंतर तर फारच. 'वय झालंय' हे त्याचं कारण नव्हे. वय तर आदल्या आठवड्यातही तेवढंच होतं आणि तेव्हा ते तुम्हाला ओळखत होते.

आता फोन. तुमच्या मुलाने नेमकं काय उतरवून घेतलं ते पत्रावरून कळत नाही. फोनवर 'मेंदूची चाचणी' या नावाने शेकडो खेळ मिळतात, त्यातल्या पुष्कळांनी रुग्णाची खाट कधी पाहिलेली नसते. पण खऱ्या चाचण्याही आहेत, त्यांची गंमत सांगते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या मंडळींनी आधी दिवे लुकलुकणारी एक पेटी बनवली. दिवा किती वेळा लागला ते रुग्णाने मोजायचं. पुढे तीच कल्पना स्मार्टफोनवर आणली, नाव डेलअॅप. रुग्ण जागा राहतो का, साधं सांगितलेलं ऐकतो का, हे आधी पाहायचं. मग पडद्यावर थांबून थांबून आकृत्या दिसतात, त्या त्याने मोजायच्या. तुम्ही म्हणाल, पाच-सात मोजण्यात काय आहे? मोजणं सोपंच आहे. अवघड असतं ते दोन आकृत्यांमधल्या रिकाम्या वेळात मन जागेवर ठेवणं. वात झालेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. तीन मोजतो आणि खिडकीबाहेरच्या माडाकडे बघत राहतो.

मग तुमच्याकडे हिरवी खूण का आली? सकाळी दहाला आजोबा त्यांच्या चांगल्या घडीत होते. ओहोटीला जाऊन पाणी मोजलंत आणि भरती नाहीच म्हणालात, तसं झालं ते. ही चाचणी दिवसातून दोनदा-तीनदा घ्यावी लागते आणि त्यातली एक तरी दिवेलागणीनंतर.

दुसरी एक चाचणी आहे, फोर-ए-टी. तीही एडिंबऱ्याचीच. कागदावर किंवा फोनवर, दोन मिनिटांत होते. एकूण गुण १२, आणि इथे गुण जितके जास्त तितकं वाईट. चार किंवा वर गेले की डिलिरियमची शंका घ्यायची. माणूस पुरता जागा आहे की पेंगतोय किंवा फारच बिथरलाय, याला ४. वय, जन्मतारीख, आत्ता आपण कुठे आहोत, साल कोणतं, याला २. डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायचे, याला २. उरले ४. ते एकाच प्रश्नाचे आहेत : हा बदल अचानक झालाय का, कमीजास्त होतोय का? म्हणजे १२ पैकी ४ गुण असे आहेत ज्यांचं उत्तर रुग्ण देऊ शकत नाही आणि फोनही देऊ शकत नाही. परवा तो माणूस कसा होता हे ज्याला माहीत आहे तोच देईल. वॉर्डातल्या सिस्टरने तुमच्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच स्ट्रेचरवर. तुम्ही त्यांना कितीतरी वर्षं जेवायला वाढताय. तुमच्या एका वाक्याने चाचणी चारवर जाते. राउंडला ते वाक्य असं सांगा : 'परवापर्यंत हे पूर्ण भानावर होते, काल रात्रीपासून मला ओळखत नाहीत, सकाळी बरे असतात.' नुसतं 'जरा वेड्यासारखं करतात' म्हणालात की ते हवेत जातं.

उलट्या महिन्यांवरून आठवलं. आमच्या वॉर्डात एक म्हातारी होती. शिकाऊ डॉक्टर तिला 'डिसेंबर, नोव्हेंबर' म्हणायला सांगत होता आणि ती त्याच्याकडे बघत बसली. त्याने 'नापास' लिहिलं. मी म्हटलं, आजी, फाल्गुनापासून मागे या बघू. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक... थेट चैत्रापर्यंत आली आणि वर मला विचारते, अधिक धरायचा का? तिचं डोकं आम्हा दोघांपेक्षा जास्त ठिकाणावर होतं. चाचणीचे गुण डिसेंबरवाल्या प्रश्नावर बेतलेले आहेत, हे मान्य. तरी माणसाला त्याच्या ओळखीचं विचारल्याशिवाय नापास करू नये.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीला पाच-सहा वर्षं झाली असतील. एक आजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. कुणाला त्रास नाही, आरडाओरडा नाही. मी तक्त्यात लिहिलं, 'शांत झोप'. आम्ही सगळ्या म्हणायचो, सगळे रुग्ण असे असते तर! तिसऱ्या दिवशी तिच्या लेकीने पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, बाई, आईचं पोट दगडासारखं लागतंय. लघवी अडली होती. नळी घातली, दोन दिवसांत आजी उठून बसली आणि पेज मागितली. तोही वातच होता, गप्प प्रकारचा. ओरडणारा रुग्ण निदान सगळ्यांना दिसतो. गप्प पडलेला सुटतो, आणि तो जास्त धोक्यात असतो. फोनवरच्या चाचणीचा खरा उपयोग मला वाटतो तो अशा रुग्णांसाठी. माझ्या खिशात तेव्हा तसला फोन असता आणि मी तिला आकृत्या मोजायला लावल्या असत्या, तर 'शांत झोप' हे दोन शब्द लिहिताना हात थांबला असता.

फोन 'आहे' एवढंच सांगेल, 'का' ते सांगणार नाही. ते शोधावं लागतं. लघवी अडली आहे का, लघवीत किंवा छातीत जंतुसंसर्ग आहे का, पोट किती दिवस साफ नाही, पाणी कमी पडलंय का, रक्तातलं सोडियम, साखर, ऑक्सिजन. जखम दुखतेय पण सांगता येत नाही, असंही असतं. आणि औषधं. झोपेची गोळी, खाजेची नाहीतर सर्दीची जुनी गुंगी आणणारी गोळी, यांनी म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो. घरून आणलेली पिशवीतली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ओता, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेलीसुद्धा.

आता एक अवघड गोष्ट विचारते, रागावू नका. सासरे संध्याकाळी थोडी घ्यायचे का? रोज घेणाऱ्याची दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसतात. तुमच्या सासऱ्यांचा गोंधळ दुसऱ्या रात्री सुरू झालाय, म्हणून विचारते. घरची माणसं हे लाजेने लपवतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय उपचार उलटा आहे. जी झोपेची औषधं एरवी वात वाढवतात, त्याच गटातली औषधं दारू सुटल्याच्या वातात द्यावी लागतात. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

आणि आज रात्री? त्यांचा चष्मा, कवळी, कानाचं यंत्र खाटेशी असू द्या. समोर घड्याळ दिसू दे. ओळखीच्या एकानेच पाशी बसावं, सगळी वाडी नको. नळी ओढतात म्हणून हात बांधू देऊ नका, नळी अजून लागतेच का ते विचारा. 'होडी सुटली' म्हणाले तर वाद घालू नका, 'बांधली हो, घट्ट बांधली' म्हणा आणि हात धरून ठेवा. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी उठवून बसवा, चालवा. हे बायकी उपाय वाटतील, पण अमेरिकेत याच धर्तीवर ८५२ रुग्णांचा अभ्यास झाला, १९९९ साली छापून आला. पाणी, चालणं, चष्मा, ऐकू येणं, गोळीशिवाय झोप, गप्पा, इतकंच नेमाने केलं. डिलिरियम शंभरात १५ जणांऐवजी १० जणांना झाला.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो. आई (७१) भातलावणीनंतर तापाने चिपळूणला दाखल आहे. भाऊ म्हणतो असंबद्ध बोलते. व्हिडिओ कॉलवरून मी तिची चाचणी घेऊ शकतो का? रजा मिळत नाहीये.
— एक चाकरमानी

उत्तर : दोन प्रश्न विचारा : आज वार कोणता? आणि वर्षाचे महिने उलटे म्हण. एका अमेरिकन अभ्यासात या दोन प्रश्नांनी डिलिरियम असलेल्या शंभरातले ९३ जण पकडले. उलट बाजू अशी की डिलिरियम नसलेल्या शंभरातल्या ३६ जणांवरही संशय आला. म्हणून चुकली तर 'झालाय' असं ठरवू नका, 'नीट तपासा' असं सांगा. पण व्हिडिओ कॉलवर रेंज तुटते, आवाज उशिरा पोहोचतो, आईला चष्म्याशिवाय तुमचा चेहरा नखाएवढा दिसतो. त्यात ती चुकली तर ती चुकली की रेंज चुकली? प्रश्न भावाला खाटेजवळ बसून विचारू द्या.

तुमच्या फोनपेक्षा भावाचा फोन जास्त कामाचा आहे. रात्री आई असंबद्ध बोलत असेल तेव्हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा, वेळ लिहून ठेवायला सांगा, आणि सकाळच्या राउंडला डॉक्टरांना दाखवा. सकाळी दहाला शहाणी वाटणारी बाई रात्री दोनला कशी होती हे त्यांना दुसऱ्या कशाने कळणार नाही. दाखवून झालं की पुसून टाका. तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकाल तर मला पुढचं पत्र लिहू नका. आई बरी होईल, शुद्धीवर येईल, आणि कुणीतरी मामी तिला तो दाखवेल.

पावसाळ्यातला ताप आणि लावणीचा चिखल म्हटल्यावर लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणारा ताप) आणि स्क्रब टायफस (गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे येणारा ताप) दोन्ही डॉक्टरांच्या मनात असतीलच, तरी चिखलात उतरली होती हे भावाने मुद्दाम सांगावं. या तापात असंबद्ध बोलणं ही थांबून बघण्याची गोष्ट नाही. रजेचं म्हणाल तर, गणपतीची रजा आत्ता घ्या.

प्रश्न : आईला तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. तिच्यावर या चाचण्या चालतात का?
— वेंगुर्ला

उत्तर : चालतात, पण जपून. विसरण्याच्या आजारात साल, तारीख चुकणारच. लक्ष मात्र बऱ्याच जणांचं आजार वाढेपर्यंत टिकून असतं, म्हणून मोजायला लावणारी चाचणी इथे जास्त उपयोगी पडते. आणि असा आजार असणाऱ्यांना डिलिरियम इतरांपेक्षा लवकर गाठतो, म्हणून 'ती तशीच आहे' म्हणून सोडू नका. ती रोज कशी विसरते हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याहून वेगळं दिसलं की बोला.

प्रश्न : बाबांना कालच दाखल केलं. तिथे वस्तू हरवतात म्हणून चष्मा आणि कानाचं यंत्र घरीच कपाटात ठेवलंय. बरोबर केलं ना?
— राजापूर

उत्तर : नाही. चष्म्याला दोरी बांधा, यंत्राच्या डबीवर नाव लिहा, आणि सकाळच्या पहिल्या एसटीने कुणाकडे तरी पाठवून द्या.