नजर रस्त्यावर आहे, लक्ष कुठे आहे?

प्रश्न : माझा पुतण्या येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात वाहनचालकांचे लक्ष कशाने विचलित होते, याचा अभ्यास करतो. चालकाला कॅमेरे बसवलेला चष्मा घालायला देतात आणि त्याची नजर कुठे जाते हे संगणकावर दिसते, असे तो सांगतो. परंतु नजर रस्त्यावर आहे म्हणून लक्षही तिथेच आहे, असे कसे मानायचे? मला नंबरचा चष्मा आहे. तरीही या प्रयोगात भाग घेता येईल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण या विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. त्या चष्म्याच्या चौकटीतले बारीक दिवे डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकतात. तो आपल्याला दिसत नाही, पण बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर त्याचे चकाकते ठिपके उमटतात. हे ठिपके आणि बाहुलीचा मध्य यांच्या परस्परस्थितीवरून नजरेची दिशा काढली जाते, आणि समोरचा रस्ता टिपणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावर ती दाखवली जाते.

या मोजणीचे मोल मोठे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी २ सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढे जाते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतील उपकरणांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, उपकरणाकडे टाकलेली एकेक नजर साधारणपणे २ सेकंदांच्या आत आणि एका कामासाठीचा एकूण वेळ १२ सेकंदांच्या आत असावा, असे म्हटले आहे. इंदूरच्या राजवाडा भागातल्या संध्याकाळच्या गर्दीत, जिथे दुचाकी डावीकडूनही पुढे काढल्या जातात, तिथे मला २ सेकंददेखील फार वाटतात.

आता आपली शंका. यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालक वाहनसदृश यंत्रावर गाडी चालवत होते. फोन हातात न धरता त्यावर नुसते बोलणाऱ्या चालकांची नजर ज्या फलकांवर थेट पडल्याचे उपकरणाने नोंदवले होते, तेच फलक त्यांना नंतर, न बोलता गाडी चालवणाऱ्यांच्या तुलनेत, कमी ओळखता आले. म्हणजे डोळ्यांसमोर असूनही ते मनात पोहोचले नव्हते. तरीही डोळे येथे पूर्ण मुके राहत नाहीत: मन दुसरीकडे गुंतले की नजर रस्त्याच्या मध्यावर खिळते आणि आरशांकडे, कडेच्या हालचालींकडे कमी वळते. म्हणूनच पुतण्याने नजर किती वेळ रस्त्यावर होती एवढेच न मोजता ती किती फिरली हेही मोजावे, आणि ब्रेक दाबायला लागलेला वेळ त्याच्याशी ताडून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

आपल्याला बहुधा भाग घेता येईल. एका चष्म्यावर दुसरा घातल्यास काचांवरचे प्रतिबिंब मोजणीत घोटाळा करते. मात्र अशा काही उपकरणांत नंबरच्या काचा बसवता येतात, त्यामुळे आपला नंबर आधी कळवावा. प्रयोग प्रत्यक्ष रस्त्यावर असेल, तर दुपारची वेळ घेऊ नये, कारण उन्हातही अवरक्त किरण असतात आणि त्यांत ते ठिपके नीट टिपले जात नाहीत.