गाडीखाली रोज तेलाचे थेंब पडतात, मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायचा म्हणतोय. उतरवू द्यावा का?

नाही. निदान या आठवड्यात तरी नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडतो म्हणून इंजिनच्या मागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलं, असं तुम्हाला सांगितलंय. अगदी हेच वाक्य मी २०१७ साली ऐकलं आणि त्याचे ११ हजार मोजले.

तेव्हा आम्ही धायरीला राहायचो. माझी जुनी पेट्रोल गाडी पार्किंगच्या फरशीवर रोज रुपयाएवढा डाग पाडायची. सेक्रेटरींनी शेजारच्या खांबावर खडूने ‘तेल’ एवढंच लिहून बाण काढला होता. आमचे भावजी रविवारी जेवायला आले, वर यायच्या आधी खाली वाकून बघितलं आणि निकाल दिला, “सील गेलंय. माझ्या माणसाकडे टाक.” त्यांच्या माणसाने गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, आणि “उघडलंच आहे तर” म्हणत क्लच प्लेटही बदलली. पंधरा दिवस फरशी कोरडी. सोळाव्या दिवशी कात्रजच्या घाटात चढावर करपल्याचा वास आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर तोच रुपया.

मग मी स्वतः बॉनेट उघडलं. तेल जिथे टपकतं तिथूनच गळतं असं नाही. ते वरून ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून सगळ्यात उंचावरची ओली जागा शोधायची. थंड इंजिन डिग्रीजरने धुतलं, वाळवलं, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवली (डबा बायकोचा, त्यावरून वेगळं रामायण) आणि गाडी वीस मिनिटं चालू ठेवली. ओली झाली ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातली पावडर! तिथून ओघळ गिअरबॉक्सवर आणि थेट त्या जोडापर्यंत. थोडं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचं, तो घाटातला वास. पंधरा दिवस डाग नव्हता, कारण काम करताना त्यांनी सगळं धुऊन काढलं होतं. ओघळाला परत खाली उतरायला तेवढे दिवस लागले. हे भावजींना आजही पटत नाही.

नाना पेठेतून त्या कव्हरचं ३४० रुपयांचं पॅकिंग आणलं. जुनं वाकवलं तर खारीसारखं तुटलं. बोल्ट मनगटाच्या जोराने, आलटून पालटून आवळले. तरी दोन महिन्यांनी नवीनही पाझरायला लागलं. खरा चोर पीसीव्ही व्हॉल्व्ह होता. इंजिनच्या पोटातल्या वाफा तो बाहेर काढतो. तो तुंबला की आतला दाब मिळेल त्या सांध्यातून तेल ढकलतो. काढून कानाशी हलवायचा, खुळखुळला पाहिजे. माझा मुका होता.

तेव्हा आधी हे सगळं बघा, ऑइल फिल्टर आणि तेलाचा दिवा लावणारा प्रेशर स्विचही. “सिलिकॉन थापून टाक” हा भावजींचा दुसरा सल्ला होता, तोही ऐकू नका. जास्तीचं सिलिकॉन आत पडून तेलाची जाळी तुंबवतं. आणि गाडी ओळखीच्या माणसाकडे टाकू नका. ओळखीत जुना पार्ट दाखव म्हणायची सोय राहत नाही.

आता हेही सांगायला हवं की धुतल्यावर वरचं सगळं कोरडं असेल आणि जोडातूनच तेल येत असेल, तर तुमच्या मेकॅनिकचं बरोबर आहे, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. धुताना अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करतो तो) पिशवी बांधा. तोवर डिपस्टिक रोज बघा, आणि चालवताना तेलाचा दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करा, गॅरेज दोनशे मीटरवर असलं तरी.

क्लच प्लेट मात्र खरंच झिजली होती, असं भावजी दर भाऊबीजेला सांगतात. ती जुनी प्लेट मला कुणी दाखवलेली नाही.