हब टाकून देऊ नका, आधी केबल बघा

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या आजोबांची जुनी सायकल आहे, मागच्या चाकाच्या मधोमध स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, म्हणजे गिअर आत असलेला गोल भाग, त्यावर एडब्ल्यू असं कोरलंय. दोन नंबरला टाकून उभं राहून पायडल मारलं की मधेच पाय मोकळा जातो, परवा रंकाळ्याजवळ पडता पडता वाचलो. मिस्त्री म्हणतोय आतले दाते गेले, साधं चाक बसवा. काय करू? आणि यावर पन्हाळा चढंल का? – एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : दादा, हब अजिबात काढू नका, लई टिकाऊ वस्तू आहे ती. एडब्ल्यूच्या शेजारी ६२ किंवा ६७ असा आकडा दिसतोय का बघा, तो हब बनवल्याचं साल असतो. या हबात दोन आणि तीन नंबरच्या मधे एक जागा अशी आहे की तिथं कुठलाच गिअर लागत नाही, आणि केबल जरा ढिली झाली की दोन नंबर नेमका तिथं जाऊन बसतो, म्हणून पाय मोकळा जातो. लिव्हर दोनवर ठेवा, पायडल थोडं फिरवा आणि उजव्या बाजूच्या नटाला जी खिडकी असते त्यातून आत बघा, गिअरच्या केबलची बारीक साखळी जिथं दांडीला जोडलीय ती दांडीची कड एक्सलच्या टोकाशी बरोबर आली पाहिजे. कड आत असेल तर केबल ताणा, बाहेर आली असेल तर ढिली करा आणि केबलचा छोटा नट आवळून टाका. मग सपाट रस्त्यावर बसूनच चालवून बघा, लगेच उभं राहू नका. एवढं करूनही सटकलं तरच आतला क्लच (गिअर जोडणारा भाग) किंवा कुत्री (दात्यांत अडकणारे खटके) झिजलीत असं समजून हब खोलायचा. हबावर तेलाचं टोपण असेल तर चमचाभर इंजिन ऑइल घाला, खोबरेल मात्र नको, ते चिकटतं.

पन्हाळ्याचं म्हणाल तर एक नंबर दोनच्या पाऊणपट असतो. पुढं ४४ आणि मागं १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनला २.४४ वेळा आणि एकला १.८३ वेळा फिरतं, घाटाला हे जडच जाणार. मागची चकती २२ची टाकली की एक नंबर १.५ वर येतो, मग दम टिकतो. चेन थोडी वाढवावी लागेल.

प्रश्न : माझ्या एकाच गिअरच्या सायकलची फिक्सी, म्हणजे चाकाबरोबर पायडलही फिरतच राहणारी सायकल, करायची आहे, पाय थांबवू देणारं फ्रीव्हील काढून त्याच आट्यांवर फिक्स चकती बसवू का? ब्रेक पण काढणार आहे. – एक कॉलेजवाला, राजारामपुरी

उत्तर : बाळा, असं करू नकोस. पायडलवर मागं जोर दिलास की चकती उलटी सुटून येईल, कारण फ्रीव्हीलच्या हबाला चकती अडवून धरणारी उलट्या आट्यांची लॉकरिंग बसायला जागाच नसते. फिक्सचा वेगळा हब घे आणि पुढचा ब्रेक ठेवच. पन्हाळ्याच्या उतारावर फिक्सीवर पाय थांबवता येत नाहीत, चाकाबरोबर फिरतच राहतात, आणि वळणावर सायकल कलली की पायडल रस्त्याला घासतं.