एक्सोसोम तपासणी नको, आधी सीटी करून घ्या

ताई, बाबांचं वय ६४, वजन उतरलंय, शुगर अचानक सुरू झाली, डोळे पिवळे दिसताहेत आणि सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारा रक्तातला घटक) मात्र नॉर्मल. म्हणून स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या शंकेने तुम्ही एक्सोसोमची रक्ततपासणी आणि एका क्लिनिकने सांगितलेलं एक्सोसोमचं इंजेक्शन, दोन्हींबद्दल विचारलंय. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं, की आज दोन्हींवर पैसे घालू नका.

यात विज्ञान नाही असं नाही. प्रत्येक पेशी ३० ते १५० नॅनोमीटरच्या बारीक पिशव्या बाहेर सोडत असते, ते एक्सोसोम. आत तिचीच प्रथिनं, तिचाच आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू). कॅन्सरची पेशीही सोडते, म्हणून रक्तातून तिचा माग काढता येईल ही आशा. २०१५ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या गटाने ग्लिपिकन-१ हे प्रथिन असलेल्या एक्सोसोमवरून स्वादुपिंडाचा कॅन्सर जवळपास बिनचूक ओळखल्याचं 'नेचर'मध्ये मांडलं. नंतर इतरांच्या हाती तितकं लख्ख काही लागलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. एक्सोसोम वेगळे करायला नमुना यंत्रात एक लाख 'जी'वर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने, तासभर फिरवल्यावर नळीच्या तळाशी जे बसतं ते कित्येकदा दिसतसुद्धा नाही, पिपेट जरा कलली की गेलं. त्यात प्लेटलेटचे एक्सोसोम, लायपोप्रोटीन, सगळी खिचडी.

उपचाराचं म्हणाल तर त्याच गटाने २०१७ मध्ये केआरएएस जनुकाचा जी१२डी हा बिघाड गप्प करणारा आरएनए एक्सोसोममध्ये भरून स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना दिला आणि उंदीर जास्त जगले. माणसांवरची चाचणी सुरुवातीच्या टप्प्यातली. क्लिनिकमधल्या इंजेक्शनचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. असल्या उत्पादनांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्येच सावध केलंय.

आणि सीए १९-९ नॉर्मल म्हणून निर्धास्त होऊ नका. शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात तो लुईस नावाच्या (ए-बी-ओपेक्षा वेगळ्या) रक्तगटामुळे बनतच नाही. उलट, नुसत्या काविळीतही तो वाढतो.

पोटविकारतज्ज्ञांना 'पॅन्क्रियाज प्रोटोकॉल सीटी' (स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने काढलेला) असंच लिहून द्यायला सांगा, साधा सीटी नको. त्यात काही दिसलं नाही पण शंका राहिली, तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बीण घालून पोटाच्या आतून केलेली), गरज पडल्यास त्यातूनच सुईने नमुना. कावीळ वाढली म्हणून कुणी पित्तनलिकेत स्टेंट (पित्त वाहतं ठेवणारी नळी) टाकायचं म्हणालं, तर शक्यतो सीटी त्याआधी होऊ दे. स्टेंटनंतर आजूबाजूला सूज येते आणि गाठ किती पसरलीय ते नीट कळत नाही. ताप, थंडी असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.