ऑक्टोबरचा बर्फ आणि ओले कपडे

दसरा उलटला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळाभर सापविंचू आणि सह्याद्रीतले निसरडे कातळ, आणि आता हिमालय. दिवाळीची सुट्टी, आधीच भरलेले ट्रेकचे पैसे आणि नेमकं त्याच दिवसांत वर हंगामातलं पहिलं थंड वादळ. ट्रेकबरोबर डॉक्टर म्हणून मी बरीच वर्षं जाते आहे. पत्रांमधला गोंधळ दरवर्षी तोच असतो, म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देते.

प्रश्न (सांगली): ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलमधल्या हामटा पासला जातोय. खरा बर्फ डिसेंबरनंतरच पडतो म्हणतात. मग जाड कपड्यांचं ओझं कशाला न्यायचं?

कोण म्हणतं? पावसाळा ओसरला की भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयावर येऊ लागतात. त्यांची रांग हिवाळ्यात लागते, पण पहिला एखादा सप्टेंबरअखेरीलाच हजर होतो. सप्टेंबर 2018 मध्ये लाहौल-स्पितीत असाच अवचित बर्फ पडला, शेकडो माणसं अडकली आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली. ऑक्टोबर 2021 मध्ये असाच एक झंझावात आणि बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प उत्तराखंडावर एकत्र आलं. खाली पूर आणि वर हिमवादळ. लमखागा खिंडीकडे आणि सुंदरढुंगा खोऱ्यात गेलेले ट्रेकर त्यात दगावले. नेपाळचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. हुदहुद चक्रीवादळ 12 ऑक्टोबर 2014 ला विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचा उरलासुरला भाग 14 तारखेला अन्नपूर्णा परिसरावर पोचला. 5416 मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास आणि शेजारच्या डोंगरांत चाळीसहून अधिक माणसं मेली. ट्रेकर होते, गाईड होते, हमाल होते, गुराखीही होते. समुद्रकिनाऱ्यावरचं वादळ दोन दिवसांत डोंगरावर पोचलं होतं.

पुण्यात ऑक्टोबर हीटने घामाघूम होत बॅग भरताना लोकरीचा स्वेटर हातात धरवत नाही, हे मला समजतं. तरी तो घ्या. दर 1000 मीटरला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं आणि वारा त्यात भर घालतो. उणे 10 ला ताशी 40 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे 21 सारखं लागतं. निघण्याआधी कपड्यांची यादी ट्रेक लीडरला आणि प्रकृतीची माहिती तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (ठाणे): मोबाइलवरच्या अॅपमध्ये पाचही दिवस सूर्याचं चित्र आहे. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. ते चित्र बहुतेक वेळा खालच्या गावाचं असतं. हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा इशारा रोज बघा आणि वरच्या गावातल्या माणसाला विचारा.

प्रश्न (नाशिक): कापूर हुंगत राहिलं की ऑक्सिजन वाढतो का? आमच्या ग्रुपमध्ये सगळे पुड्या बांधून नेतात.

वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन आहे तिथेच राहतो. लहान मुलं बरोबर असतील तर कापूर नेऊच नका. तो पोटात गेला तर झटके येतात.

प्रश्न (पिंपरी): मग ऑक्सिजनचे छोटे डबे? दुकानदार म्हणाला, हा असला की उंचीचा त्रास होणारच नाही.

दुकानदाराला डबा विकायचा आहे. त्यात काही मिनिटं पुरेल एवढाच वायू असतो. तेवढा वेळ बरं वाटतं आणि माणूस "आता ठीक आहे" म्हणून आणखी वर चढतो. माझा या डब्यांवर राग आहे तो यासाठी. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. तोल जातोय, बोलणं असंबद्ध होतंय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर ताबडतोब खाली उतरायचं, 300 ते 1000 मीटर तरी, मग रात्र असो की पहाट. उंचीच्या त्रासावर गोळ्या आहेत, पण त्यांची मात्रा मी इथे छापणार नाही. सल्फाची अॅलर्जी, मूत्रपिंड, चालू असलेली इतर औषधं हे सगळं बघून तुमच्या डॉक्टरांनीच ती ठरवायची असते.

प्रश्न (कोल्हापूर): माझा मुलगा मित्रांबरोबर ट्रेकला गेला होता. दुपारी बर्फमिश्रित पाऊस लागला आणि सगळे भिजले. संध्याकाळी त्यांच्यातला एक जण चिडचिड करू लागला, तोंडातल्या तोंडात काहीबाही बोलत होता. थकलाय म्हणून मुलांनी त्याला झोपू दिलं. सकाळी तो ठीक होता. हे उंचीमुळे झालं का? काळजी करण्यासारखं आहे का?

हे पत्र मी तीनदा वाचलं. त्या मुलाला तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वर्णन हायपोथर्मियाशी जुळतं. म्हणजे शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली घसरणं. तो सकाळी उठला हे नशीब. सगळे उठत नाहीत.

लोकांच्या डोक्यात थंडी म्हणजे उणे तापमान. प्रत्यक्षात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती शून्य ते पाच अंशांची, जेव्हा बर्फ अंगावर पडता पडता वितळतो. कोरडा बर्फ झटकता येतो, हा मुरतो. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. भिजलेली जीन्स आणि आतला सुती बनियन अंगाला चिकटले की वरचं जॅकेट कितीही महाग असो, आतून ऊब निघून जात असते. हंगामातल्या पहिल्या वादळात हेच होतं, कारण दुपारपर्यंत ऊन असतं, सगळे घामेजलेले असतात आणि पोंचो बॅगेच्या तळाशी असतो.

एका ऑक्टोबरमध्ये, साधारण 3900 मीटरवर, आमच्या जेवणाच्या तंबूत पंचविशीचा एक मुलगा येऊन बसला. बाहेर भुरभुर बर्फ होता. पुढ्यातल्या चहाला त्याने हात लावला नव्हता. तो जॅकेटची चेन लावायचा प्रयत्न करत होता. चेनचं टोक खाचेत बसेना, बोटं नुसती घसरत होती आणि त्याची नजर भलतीकडेच होती. मी नाव विचारलं, बरोबर सांगितलं. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं तर "त्र्याण्णव" म्हणून थांबला आणि माझ्यावरच चिडला. थरथर जवळजवळ थांबली होती. शेजारचा मित्र आनंदाने म्हणाला, "बघा मॅडम, आता थंडी वाजायची थांबली त्याची." त्या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडला. थरथरणं हा शरीराचा शेवटचा हीटर असतो. अंग गरम न होताच तो बंद पडला, तर माणूस बरा होत नसतो, आणखी खाली घसरत असतो.

म्हणून खुणा पाठ करा. जीभ जड होते. बोटांना चेन, नाडी, बटण जमत नाही. पाय अडखळतात. हसरा माणूस तुसडा होतो किंवा बडबड्या गप्प होतो. आणि ज्याला हे होतंय त्याला ते कळत नाही, तो "मी ठीक आहे" म्हणतो. त्याच्या शब्दावर जायचं नाही. कधी कधी तर अशा अवस्थेत माणूस गरम होतंय म्हणून अंगावरचे कपडे काढू लागतो. घरच्या काचेच्या थर्मामीटरचा उपयोग नाही, त्याच्यावरचे आकडेच 35 पासून सुरू होतात.

आधी वाऱ्यातून आडोशाला न्या. ओले कपडे सगळे काढा, लाजायची ही वेळ नाही. खाली मॅट घाला, कारण जमीन अंगातली ऊब शोषते. कोरडे कपडे, कानटोपी, स्लीपिंग बॅग. गरम पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून छातीशी आणि काखेत ठेवा, थेट कातडीवर नको. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय. हातपाय चोळू नका, उठवून चालवू नका. गार पडलेलं हृदय हिसक्यानेही बिघडतं. थरथर थांबली असेल, गुंगी येत असेल तर गाईडला सांगा आणि खाली दवाखान्यात हलवायची तयारी त्याच क्षणी सुरू करा, आडवं ठेवून, हलक्या हाताने. श्वास चालत नाही असं वाटलं तरी पूर्ण एक मिनिट बघा. गारठलेल्या माणसाचा श्वास फार मंद असतो.

आणि त्याला एकट्याला झोपू देऊ नका. तुमच्या मुलाने हे जाणूनबुजून केलं नाही, त्याला रागावू नका, पण हे उत्तर त्याला आणि त्याच्या मित्रांना वाचायला द्या. त्या मित्राला एकदा फिजिशियनकडे पाठवा. थायरॉइड किंवा साखरेची काही भानगड नाही ना, हे बघून घेतलेलं बरं.

प्रश्न (सोलापूर): थोडी ब्रँडी घेतली तर?

नको. कातडीकडचं रक्त वाढून ऊब वाटते आणि तीच ऊब बाहेर निघून जाते.

प्रश्न (डोंबिवली): बाहेर बर्फ असताना तंबूत गॅसचा स्टोव्ह थोडा वेळ लावला तर चालेल का? चेन अर्धी उघडी ठेवू.

चालणार नाही, अर्धी उघडी ठेवूनही नाही. बर्फ साचला की तंबूच्या फटी बुजतात आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी येते आणि सगळे म्हणतात, उंचीमुळे होतंय. हॉटेलच्या बंद खोलीतली कोळशाची अंगीठीही तशीच, उत्तरेत दर हिवाळ्यात तिने झोपेतच माणसं जातात. एकाच तंबूत दोघातिघांचं डोकं एकदम दुखू लागलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि मग डॉक्टर गाठा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): वडील 61 वर्षांचे आहेत, इन्सुलिन घेतात. रोज 5 किलोमीटर चालतात. त्यांना नेऊ का?

पत्रावरून हो म्हणणार नाही. सपाटीवरचं चालणं वेगळं. मधुमेहतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही भेटा, जायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी. त्यांनी परवानगी दिलीच तर इन्सुलिन अंगाजवळच्या खिशात ठेवा, रात्री स्लीपिंग बॅगेत. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं. ग्लुकोमीटरही गारठला की चुकीचं दाखवतो. शिवाय साखर उतरल्यावर माणूस जसा वागतो तसाच तो हायपोथर्मियातही वागतो, म्हणून बरोबरच्या प्रत्येकाला त्यांचा आजार माहीत हवा.

प्रश्न (पुणे): वादळाचा इशारा आला तर ट्रेक रद्द करायचा का? आयोजक म्हणतात पैसे परत मिळणार नाहीत. शिवाय जाहिरातीत "फ्रेश स्नो गॅरंटीड" लिहिलंय.

बर्फाची हमी देणारा आयोजक परतीची हमी देतो का, ते विचारा. पैसे भरण्याआधीच लेखी घ्या: लीडरला माघारीचा अधिकार आहे का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला आहे, जवळचा रस्ता किती तासांवर आहे. वरून मोबाइल लागेल असं धरून चालू नका, आणि परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, तो उसना आणू नका. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर मी स्वतः वर जात नाही. वर असताना आकाश भरून आलं, तर खिंड पार करण्याचा निर्णय गाईडबरोबर सकाळीच घ्या. दुपारी दोनला गुडघाभर बर्फात उभं राहून घेतलेला निर्णय उशिराचा असतो.

प्रश्न (रत्नागिरी): परत येऊन दहा दिवस झाले. उजव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, टोकाला काळपट झाली आहेत. तेल लावून शेकतो आहे. किती दिवसांत बरं होईल?

शेकणं आत्ताच थांबवा. बधिर बोटांना चटका कळत नाही आणि जखम वाढते. चोळूही नका. हा हिमदंश, म्हणजे थंडीने बोटं गोठून झालेली इजा, असण्याची शक्यता आहे. बोटं कोरडी ठेवा, मध्ये स्वच्छ कापूस ठेवा, घट्ट बूट घालू नका, सिगारेट ओढत असाल तर बंद करा आणि शल्यचिकित्सकाला दाखवा. हे मी तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच कळवलं होतं. तुम्ही "सोमवारी जातो" म्हणून उत्तर दिलंत. तो सोमवार गेला. अजून दाखवलं नसेल तर आज जा.